भूत केव्हा येणार हे कळलं की भीती संपते

भुताच्या सिनेमाचा रात्रीचा शेवटचा खेळ, पुण्यातलं कुठलंही मल्टिप्लेक्स. पडद्यावर बाई छतावरून उलटी चालत येते आणि मागच्या रांगेतून आवाज येतो, ‘पंखा सांभाळ गं!’ सगळं थिएटर हसतं. प्रेक्षक निर्ढावलेत, असं यावर सांगितलं जातं. ते काही खरं नाही. हेच प्रेक्षक खेळ सुटल्यावर तळघरातल्या पार्किंगमध्ये एकट्याने गाडी काढताना भराभर पावलं उचलतात. भीतीची यंत्रणा शाबूत असते, सिनेमाला ती चालवता आलेली नसते.

मुळात यंत्रणा एक नाही, निदान दोन आहेत: दचकण्याची आणि धास्तीची. फसलेला भयपट सगळा खर्च दचकवण्यावर करतो. धास्तीची अट साधी आहे. संकट कोणत्या नियमाने येतं हे पक्कं ठाऊक हवं आणि ते केव्हा येईल हे अजिबात ठाऊक नको. पडलेल्या सिनेमात नेमकं उलटं असतं. भूत वाट्टेल ते करू शकतं, पण येतं मात्र ठरलेल्या सेकंदाला.

आधी दचकणं. मोठा आवाज कानातून मेंदूच्या देठाकडे जातो. तिथे ‘पाँस’ या भागातल्या मोठ्या चेतापेशींचा एक गट तो पकडतो आणि थेट मज्जारज्जूकडे आणि चेहऱ्याच्या स्नायूंकडे हुकूम सोडतो. वाटेत जोडण्या जेमतेम दोन-तीन. त्यामुळे पापणी साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांत मिटते, आवाज कसला होता हे उमजायच्या कितीतरी आधी. मान आखडते, खांदे वर जातात, पॉपकॉर्न सांडतं. यात कथेचा आणि अभिनयाचा काडीचा संबंध नाही. मांजराने उडी मारली काय किंवा कपाटाचं दार आपटलं काय, देठाला सगळं सारखंच.

ही क्रिया प्रयोगशाळेत दशकानुदशकं मोजली गेली आहे, त्यामुळे ती कशाने बिघडते हेही नीट माहीत आहे. आवाज नुसता मोठा असून भागत नाही. तो काही मिलिसेकंदांत शिखरावर पोचला पाहिजे. तेवढाच आवाज हळूहळू चढवत नेला तर माणूस दचकत नाही. व्हायोलिनचा चढता सूर धक्क्याला चिकटवला, की त्या सुराचं टोक आणि धक्का एकात एक मिसळतात आणि कड बोथट होते. दुसरी चूक याहून बारीक आहे. मुख्य आवाजाच्या आधी, साधारण ३० ते ५०० मिलिसेकंदांच्या टप्प्यात, एखादा हलका आवाज झाला तर दचक लक्षणीय कमी होते. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की स्किझोफ्रेनियाच्या संशोधनात तो मोजमाप म्हणून वापरतात. धक्क्याच्या आधी पाव सेकंद फळी करकरली, तर ध्वनिसंयोजकाने आपल्याच धक्क्यातली हवा काढली म्हणायची.

धक्क्याआधी पार्श्वसंगीत एकदम बंद करण्याची रीत तर आता इतकी रुळली आहे, की शांतता हीच घंटा झाली आहे. संगीत थांबलं की अर्धं थिएटर बोटांच्या फटीतून बघायला लागतं. गंमत म्हणजे शांतता ही दचकण्यासाठी सर्वांत चांगली पार्श्वभूमी नाहीच. हॉफमन आणि फ्लेशलर यांनी १९६३ मध्ये उंदरांवर प्रयोग केले. शांततेपेक्षा एकसारख्या चालू असलेल्या गोंगाटात उंदीर जास्त जोरात दचकले, आणि तुटक-तुटक आवाजांच्या पार्श्वभूमीवर सगळ्यांत कमी. उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण पत्र्यावर पडणाऱ्या पावसाची संततधार धक्क्याआधी बंद न करता तशीच चालू ठेवून बघायला काय हरकत आहे? शिवाय सवय आहेच. तोच धक्का पुन्हा पुन्हा दिला की पापणी कमी कमी मिटते. तासाभरात बारा वेळा दारं आपटली, तर शेवटची चार फुकट गेली.

धास्तीचं शरीरशास्त्र वेगळं आहे. फिनलंडमधल्या तुर्कूच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून भयपट दाखवले. अचानक धक्क्याच्या वेळी भावना आणि धोक्याचं मूल्यमापन करणारे भाग चेतवले गेले. ताण हळूहळू वाढत असताना मात्र पाहण्याचे आणि ऐकण्याचे भाग जास्त काम करू लागले. धास्तावलेला प्रेक्षक जास्त बारकाईने बघतो, ऐकतो. दिग्दर्शकाला याहून चांगला प्रेक्षक मिळणार नाही, आणि नेमक्या याच प्रेक्षकाला तो दार आपटून घालवतो.

‘केव्हा’ या प्रश्नाचं महत्त्व दाखवणारी एक जुनी मांडणी आहे. माणसाच्या मनगटाला सौम्य विजेचा झटका देणारी तार बांधतात आणि डोळ्याखाली पापणीचा स्नायू मोजणारी. एका फेरीत झटका खुणेनंतरच येतो, दुसऱ्या फेरीत कधीही. खूण असलेल्या फेरीत माणूस खूण दिसेपर्यंत बऱ्यापैकी निवांत बसतो. कधीही झटका येऊ शकतो म्हटल्यावर मात्र पूर्ण फेरीभर त्याची दचक वाढलेली राहते. झटके दोन्हीकडे तेच. भयपटातला बाथरूमचा आरसा ही अशीच खूण आहे. कपाटाचं आरशाचं दार उघडलं, की बंद होताना मागे कुणीतरी उभं असणार. खूण शिकलेला प्रेक्षक मधल्या सगळ्या वेळात मोबाइल बघायला मोकळा होतो.

आता भुताचे नियम. इथेच बहुतेक पटकथा गचकतात, आणि इथे आपल्याकडे शिकण्यासारखं बरंच आहे. मानववंशशास्त्रज्ञ पास्कल बॉयर यांचं म्हणणं असं, की अलौकिक पात्र लक्षात राहायला आणि टिकायला त्यात एखाद-दुसरीच गोष्ट निसर्गाविरुद्ध असावी लागते, बाकी सगळं नेहमीचं. एकही उलटी गोष्ट नसेल तर ते पात्र साधं होतं, दहा असतील तर मेंदू त्याबद्दल काही अनुमानच काढू शकत नाही. आपली भुतं या कसोटीवर किती घोटीव आहेत बघा. हडळीचे पाय तेवढे उलटे, बाकी ती बाई. मुंजा म्हणजे मुंज झालेला, सोडमुंजीआधी गेलेला मुलगा, पिंपळाला बांधलेला. चकवा तर दिसतही नाही. माणूस चालत राहतो आणि पुन्हा त्याच बांधावर येतो. एक नियम मिळाला की उरलेली भीती ऐकणारा स्वतःच तयार करतो. समोरून येणाऱ्या अनोळखी बाईच्या पायांकडे त्याची नजर जाते. रस्त्यात पिंपळ लागला की त्याची चाल बदलते.

शनिवारवाड्याची गोष्ट याच घडणीची आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा तिथे खून केला, हा इतिहास. ‘काका, मला वाचवा’ ही हाक अजून ऐकू येते, ही आख्यायिका. कुणी पौर्णिमेला म्हणतं, कुणी अमावास्येला. कुणी काही पाहिलं असं ती सांगतच नाही. ना पांढरी साडी, ना मोकळे केस. जागा ठरलेली, आवाज ठरलेला, आणि बाकीचं ऐकणाऱ्याच्या डोक्यावर सोडलेलं. इतक्या कमी सामानावर ती अख्ख्या शहरात टिकून आहे.

याउलट सिनेमातलं भूत. ते भिंतीतून आरपार जातं, मग दाराची कडी का खडखडवत बसतं? मध्यंतराआधी भस्माच्या रेषेपाशी अडतं आणि नंतर मांत्रिकालाच उचलून आपटतं. मग वीस मिनिटांची पूर्वकथा येते. ती बऱ्याचदा चांगली लिहिलेली असते, पण येते उशिरा. नियम संकटाच्या आधी सांगितला तरच प्रेक्षक तो वापरून घाबरू शकतो. नंतर सांगितला तर तो नुसता खुलासा. आणि ‘हे तर स्वप्न होतं’ हा प्रकार दोनदा केला, की मेंदू पडद्यावरचं काहीच मनावर घेईनासा होतो.

पूर्ण उजेडात दाखवलेल्या संगणकी भुताबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. पाय जमिनीवर टेकतात तिथे सावली नसते, केसांना वजन नसतं, खोलीतला दिवा डावीकडे आणि चेहऱ्यावरचा उजेड उजवीकडून. झलक दाखवली तर हे खपून जातं. निवांत दाखवलं तर मेंदूला चुका शोधायला वेळ मिळतो.

आवाजाच्या पातळीतही घोळ असतो. सिनेमागृहात पडद्यामागच्या प्रत्येक वाहिनीची प्रमाण पातळी ८५ डेसिबलला बांधतात आणि वर १०५ पर्यंत जागा ठेवतात. हा वीस डेसिबलचा मोकळा टप्पाच भयपटाचं भांडवल. पण फार मोठं वाटतं म्हणून थिएटरात आवाज उतरवला, की हलके आवाज एसीच्या घरघरीत बुडतात. ते बुडू नयेत म्हणून मिश्रणातच सगळं वर ओढलं, तर धक्क्याला चढायला जागा उरत नाही. शिवाय ७० ते १०० डेसिबलच्या दरम्यान कुठेतरी मधल्या कानातला एक चिमुकला स्नायू आखडतो आणि खालच्या पट्टीतले आवाज कानात कमी शिरू देतो. सतत गडगडाट ठेवणारा सिनेमा प्रेक्षकाचे कान स्वतःच बंद करत असतो. आवाजाच्या उंचीपेक्षा त्याचा खरखरीतपणा जास्त कामाचा. माणसाच्या किंकाळीत आवाजाची पातळी सेकंदाला ३० ते १५० वेळा खालीवर होते आणि याच खरखरीला मेंदूतलं अमिग्डाला (धोका ओळखणारा भाग) जास्त प्रतिसाद देतं, असं २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं. स्वच्छ, सुरेल किंकाळी म्हणूनच खोटी वाटते.

‘ऐकू न येणाऱ्या आवाजाने माणूस घाबरतो’ हे मात्र जपून घ्यावं. विक टँडी यांनी १९९८ मध्ये एका प्रयोगशाळेतल्या ‘भुताचं’ मूळ पंख्याच्या सुमारे १९ हर्ट्झच्या कंपनात शोधलं, ते खूप गाजलं. पुढे लंडनमध्ये खास खोली बांधून केलेल्या प्रयोगात लोकांना चमत्कारिक अनुभव आले खरे, पण त्यांचा अशा ध्वनीशी संबंध दिसला नाही. त्यातून थिएटरचे बहुतेक सबवूफर (खालच्या पट्टीचे स्पीकर) २५ हर्ट्झच्या खाली फारसं काही वाजवतच नाहीत.

काळोखाचंही तसंच. पडद्याचा प्रमाण पांढरा उजेड ४८ कँडेला प्रति चौरस मीटर, हे उजेड मोजायचं एकक. प्रक्षेपकाचं पांढऱ्या-काळ्याचं प्रमाण दोन हजारास एक धरलं, तर सगळ्यांत काळा भागसुद्धा ०.०२४ वर चमकत असतो. डोळ्याला पूर्ण अंधाराची सवय व्हायला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो, आणि ती थिएटरात कधीच पूर्ण होत नाही. म्हणून नुसतं काळं करून भागत नाही. नजरेच्या कडेला बारकावे दिसत नाहीत, हालचाल मात्र चांगली कळते. दोरीवरच्या कपड्यांच्या रांगेत, चौकटीच्या कोपऱ्यात, जरासं हललेलं एक नऊवारी लुगडं पडदाभर काळोखापेक्षा जास्त काम करतं.

आपल्याकडे यात मध्यंतर येतं. दिवे लागतात, डोळे पुन्हा उजेडाला सरावतात, तासभर चढवलेली धास्ती समोशाच्या रांगेत उतरते. उत्तरार्धाने ती पुन्हा शून्यापासून बांधायला हवी. पण दिग्दर्शक थेट आरडाओरड्यापासून सुरुवात करतो. डेन्मार्कमध्ये एका भीतिघरात ११० माणसांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा मजा आणि भीती यांचा आलेख टेकडीसारखा निघाला: फार कमी भीती नको, फार जास्तही नको. सलग चाळीस मिनिटं किंचाळ्या म्हणजे टेकडीच्या पलीकडचा उतार. आणि वाड्यातला म्हातारा अंधारात विडी ओढत असेल, तर कायद्याने खाली तंबाखूची इशारापट्टी येतेच. भीतीच्या ऐन क्षणी अख्खं थिएटर वाचन करतं. त्या म्हाताऱ्याला पानसुपारी द्यावी, तंबाखू सोडून.

घरी बघायचा असेल तर काळोखाची अडचण आणखी वाढते. आठ बिटांच्या व्हिडिओत उजेडाच्या पायऱ्या मोजक्या, त्यात इंटरनेटवरून पाठवण्यासाठी फाइल दाबून लहान करताना गडद भागातला तपशील आधी कापला जातो, म्हणून भुताऐवजी काळे-करडे चौकोन हलताना दिसतात. ट्यूबलाइट बंद करावी, टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, चित्राची पद्धत ‘सिनेमा’वर ठेवावी. मोबाइलच्या स्पीकरमधून खालच्या पट्टीतला घुमारा जवळजवळ येतच नाही, त्यासाठी हेडफोन लागतात.