बारावीनंतरची शिष्यवृत्ती: कोणती घ्यावी, कागद कोणते लागतात, अर्ज कसा करावा

बारावीची परीक्षा मार्चमध्ये आटोपते आणि निकाल मे महिन्यात लागतो. मधले हे दिवस बहुतेक घरांत सुट्टीचे असतात. ज्यांना पुढच्या शिक्षणाची फी जड जाणार आहे, त्यांनी मात्र हेच दिवस कागद गोळा करण्यासाठी वापरावेत. आमच्या वाचनालयात प्रवेशाच्या मोसमात आम्ही मुलांचे अर्ज भरून देतो. मुलगा किंवा मुलगी अपात्र होती म्हणून पैसे गेले, असं फार कमी वेळा घडतं. पैसे जातात ते दाखला उशिरा निघाला, बँकखातं आधारला नीट जोडलेलं नव्हतं किंवा चुकीची योजना निवडली म्हणून. त्यामुळे इथे योजनांची लांबलचक यादी दिलेली नाही. बारावी झालेल्या मुलामुलींना सहज लागू पडतील अशा मोजक्या योजना आणि त्यांची वाट तेवढी सांगतो.

आधी कागद

उत्पन्नाचा दाखला सगळ्या अर्जांचा पाया आहे. तो तहसीलदारांच्या सहीचा लागतो. नोकरीवाल्या पालकांचा फॉर्म १६ हा दाखला काढताना पुरावा म्हणून जोडायचा असतो, तो दाखल्याच्या जागी चालत नाही. अर्ज आपले सरकार पोर्टलवर स्वतः करता येतो किंवा सेतू, महा ई-सेवा केंद्रातून. शेतकरी कुटुंब असेल तर सातबारा, आठ-अ आणि तलाठ्याचा अहवाल जोडावा लागतो. शिवाय रेशनकार्ड, पालकांचं आधार आणि स्वघोषणापत्र लागतं. लोकसेवा हक्क कायद्याखाली हा दाखला १५ दिवसांत मिळायला हवा. न मिळाल्यास त्याच पोर्टलवरून अपील करता येतं आणि ते जरूर करावं. अपील केल्यावर अडकलेली फाईल अनेकदा हलते.

आता तारखेची गोष्ट. एका वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच वैध असतो. जानेवारी-फेब्रुवारीत काढलेला दाखला जून-जुलैमध्ये कामाचा राहत नाही. तो १ एप्रिलनंतरच काढा, म्हणजे पूर्ण शैक्षणिक वर्षभर चालेल. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग किंवा एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) यांतून अर्ज करणाऱ्यांना नॉन-क्रिमीलेअर दाखलाही लागतो. त्याला तीन वर्षांच्या उत्पन्नाचा आधार लागतो. म्हणून एकाच फेरीत दोन्ही दाखले मागावेत.

डोमिसाईल, म्हणजे वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचं प्रमाणपत्र, एकदा काढलं की कायमचं. जातीचा दाखला घरात असतो, पण जात वैधता प्रमाणपत्र नसतं, ही नेहमीची अडचण. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, वैद्यकीय, कृषी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना आरक्षणातून जाणाऱ्यांना ते लागतंच. जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करायचा असतो. तो राहिला असेल तर निकालाची वाट न पाहता आजच करा, कारण आजोबा-पणजोबांच्या शाळेतल्या नोंदी शोधण्यातच बराच वेळ जातो.

बाकीचे कागद सोपे आहेत: दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, रेशनकार्ड, फीची पावती, कॉलेजचं बोनाफाईड. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. वडील हयात नसतील तर मृत्यूचा दाखला. या कामांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला महागडा मुद्रांक लागतो असं सांगून कोणी पैसे मागितले तर देऊ नका, विद्यार्थ्यांच्या दाखल्यांसाठी साध्या कागदावरचं प्रतिज्ञापत्र चालतं.

आधारवरचं नाव गुणपत्रिकेवरच्या नावाशी ताडून पाहा. आडनाव आधी की नंतर, आईचं नाव आहे की नाही, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी-जास्त, यावर अर्ज अडतो. दुरुस्ती आधार केंद्रात होते. मोबाईल नंबरही तिथेच तपासून घ्या. ओटीपी मामाच्या जुन्या नंबरवर जात असेल तर प्रत्येक पायरीला मामाला फोन करावा लागेल.

बँकखातं

यावर थोडं थांबतो, कारण मंजूर झालेले पैसे इथेच अडकतात. खात्याला आधार क्रमांक दिलेला असणं आणि त्या खात्यावर आधारमार्फत पैसे जमा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शासनाची शिष्यवृत्ती खातेक्रमांकावर येत नाही, आधार क्रमांकावर येते. तुमच्या आधारशी कोणती बँक जोडलेली आहे हे राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या, नोंदीवरून ठरतं. या जोडणीला सीडिंग म्हणतात. शेवटी ज्या बँकेत सीडिंग झालं, पैसे तिथे जातात. शाळेत असताना गणवेशाच्या पैशांसाठी उघडलेलं आणि नंतर विसरलेलं खातं तिथे जोडलेलं असेल, तर रक्कम त्याच बंद पडलेल्या खात्याकडे धावते आणि परत फिरते.

आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून बँक सीडिंगची स्थिती पाहता येते. तिथे जुनी बँक दिसली तर चालू खात्याच्या शाखेत जा आणि आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या. फक्त केवायसी करून घेऊन परत येऊ नका, ‘डीबीटीसाठी (म्हणजे शासनाचे पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंग करा’ असं स्पष्ट सांगा. काही दिवसांनी स्थिती पुन्हा तपासा. खातं विद्यार्थ्याच्याच नावाचं हवं, पालकांचं चालत नाही.

राज्याची फी सवलत

राज्याच्या बहुतेक योजना महाडीबीटी या महाराष्ट्र शासनाच्या पोर्टलवर आहेत. खुल्या प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेला असावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला ती मिळत नाही. लाभ कुटुंबातल्या दोनच अपत्यांना मिळतो.

मुलींसाठी मोठा बदल २०२४-२५ पासून झाला. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि इतर मागासवर्ग यांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के मिळू लागलं. आधी ते ५० टक्के होतं. अनाथ मुलामुलींनाही हा लाभ आहे. ‘मुलींना सगळं मोफत’ अशी बातमी पसरली, म्हणून मर्यादा नीट समजून घ्या. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, पुस्तकं हा खर्च यात येत नाही. कॅपमध्ये कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरताना दोन कॉलेजांमध्ये निवड करायची वेळ आली, तर फक्त शिक्षण शुल्काकडे न पाहता हे बाकीचे आकडेही विचारून घ्या. आणि सगळं शिक्षण शुल्क आधी भरा, मग परत मिळेल, असं कॉलेज म्हणत असेल तर शासन निर्णयाची प्रत घेऊन प्राचार्यांना भेटा. पात्र मुलींकडून हे शुल्क प्रवेशावेळी मागू नये, अशा सूचना शासनाने दिलेल्या आहेत.

अनुसूचित जाती आणि जमातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणाची, शिष्यवृत्ती याच पोर्टलवर आहे, उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख. अनुसूचित जातींच्या बाबतीत केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के वाटा वेगवेगळा येतो. त्यामुळे पहिली रक्कम कमी दिसली म्हणून घाबरू नका, दुसरा वाटा यायचा असतो. मात्र त्यातली फी कॉलेजला भरायची आहे हे लक्षात ठेवा.

गाव सोडून शहरात राहावं लागणाऱ्यांचा खरा खर्च खोलीचा आणि जेवणाचा असतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज समाजकल्याण कार्यालयामार्फत करता येतो. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये अशी रक्कम आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम आणि इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. त्यासाठी अल्पभूधारक असल्याचा किंवा मजूर नोंदणीचा दाखला वेगळा काढावा लागतो.

केंद्राची गुणवत्ता शिष्यवृत्ती

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला जाणाऱ्या हुशार मुलांना जिची फारशी माहिती नसते अशी ही योजना: महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठीची केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात, त्यातल्या निम्म्या मुलींसाठी. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये आणि पदव्युत्तर शिक्षणात दरवर्षी २०,००० रुपये मिळतात. चार-पाच वर्षांच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत चौथ्या-पाचव्या वर्षीही २०,००० मिळतात. उत्पन्नाची मर्यादा ४.५ लाख. प्रवेश नियमित पदवीला हवा. डिप्लोमा आणि दूरशिक्षण चालत नाही.

गुणांची अट वाचताना बरीच मुलं मागे फिरतात. अट आहे ८० पर्सेंटाईलच्या वर असण्याची, ८० टक्क्यांची नाही. आपल्या मंडळात, आपल्या शाखेत उत्तीर्ण झालेल्यांपैकी वरच्या पाचव्या हिश्श्यात तुम्ही असलात की झालं. कला शाखेत ही रेषा ८० टक्क्यांच्या बरीच खाली असू शकते. त्यामुळे ७० टक्के मिळालेल्या कला शाखेच्या मुलीनेही अर्ज न करता घरी बसू नये. जागा विज्ञान, वाणिज्य आणि कला यांत ३:२:१ अशा वाटल्या जातात.

अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर होतो. आधी एकदाच करायची नोंदणी, म्हणजे ओटीआर: मोबाईलवर पोर्टलचं ॲप आणि आधारचं चेहरा-पडताळणीचं ॲप घालून स्वतःचा चेहरा दाखवायचा आणि मिळालेला १४ अंकी क्रमांक वहीत लिहून ठेवायचा. तो पुढच्या प्रत्येक वर्षी लागतो. त्यानंतर अर्ज भरून सादर केला की कॉलेजचा नोडल अधिकारी तो तपासतो आणि मग पुढच्या स्तरावर छाननी होते. पोर्टलवरची मुदत साधारण ऑक्टोबरअखेरच्या आसपास असते. मुदत वाढेल या भरवशावर राहू नका.

दोन्ही एकत्र मिळत नाहीत

केंद्राची ही शिष्यवृत्ती घेणाऱ्याला राज्याची दुसरी शिष्यवृत्ती किंवा फी सवलत घेता येत नाही. म्हणून निवड हिशेब करून करा. विनाअनुदानित कॉलेजात कॅपमधून अभियांत्रिकीला गेलेल्या मुलीची फी वर्षाला कित्येक हजारांत जाते. तिने राज्याची सवलत घ्यावी. अनुदानित कॉलेजात बी.ए. करणाऱ्या मुलाचं शिक्षण शुल्क मुळातच थोडं असतं. त्याच्यासाठी केंद्राचे १२,००० रुपये जास्त मोलाचे आहेत. दोन्हीकडे अर्ज करून बघू, असं माझ्या मते करू नये. एका आधार क्रमांकावर दोन लाभ दिसले की अडचण होते आणि कधी पैसे परत करावे लागतात.

महाडीबीटीवर अर्ज भरताना

नोंदणी आधार ओटीपीने करा. मग प्रोफाईलचे सगळे भाग भरा: वैयक्तिक माहिती, पत्ता, पालकांची माहिती, चालू अभ्यासक्रम, मागचं शिक्षण, वसतिगृह. प्रोफाईल पूर्ण झाल्यावर तुम्हाला लागू होणाऱ्या योजना पोर्टल स्वतःच दाखवतं. अपेक्षित योजना दिसली नाही तर उत्पन्न, प्रवर्ग किंवा डोमिसाईलच्या रकान्यात काहीतरी चुकलेलं असतं. व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपचा अर्ज क्रमांक अचूक टाका. कागद २५६ केबीपेक्षा लहान हवेत. पण इतके दाबू नका की दाखल्याचा क्रमांकच वाचता येणार नाही.

सादर केलेला अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे आणि नंतर विभागाकडे जातो. यातल्या कोणत्याही पायरीवर तो दुरुस्तीसाठी तुमच्याकडे परत येऊ शकतो. मेसेज येईलच असं नाही. दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती बघा आणि सादर केलेल्या अर्जाची प्रिंट कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात देऊन पोच घ्या.

ट्रस्टची आणि समाजाची मदत

जिल्ह्याजिल्ह्यात ज्ञातीसंस्था, माजी विद्यार्थी संघ, पतसंस्था, सार्वजनिक ट्रस्ट स्थानिक मुलांना दरवर्षी मदत करतात. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात समाजासमाजाची वसतिगृहं उभी राहिली, तीच ही परंपरा. पुण्यातली विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींच्या राहण्या-जेवणाची सोय करते. असे अर्ज बहुतेक छापील असतात, निकालानंतर काही आठवडेच घेतले जातात, आणि त्यांची जाहिरात शाळेच्या फलकापलीकडे जात नाही. त्यासाठी आपल्या जुन्या मुख्याध्यापकांना भेटा, त्यांच्याकडे ही माहिती असते. सोबत गुणपत्रिका, फीची पावती, उत्पन्नाचा दाखला आणि शिक्षकांचं शिफारसपत्र न्या. मुलाखत झालीच तर घरची परिस्थिती आहे तशी सांगा.

सही करण्यापूर्वी एक विचारा: ही मदत आहे की बिनव्याजी कर्ज? अनेक ट्रस्ट कर्जाऊ शिष्यवृत्ती देतात. तीही चांगली असते, कारण परत आलेल्या पैशांवर पुढची मुलं शिकतात. पण परतफेड कधी सुरू होणार आणि जामीन कोण राहणार, हे आईवडिलांसमोर ठरलेलं बरं. शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणून आधी नोंदणी फी मागणाऱ्यांपासून मात्र दूर राहा.

दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा करायचा असतो, तो आपोआप होत नाही. केंद्राच्या योजनेत त्यासाठी वर्षाला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. उत्पन्नाचा नवा दाखला पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा मागावा लागेल.