शिंपले शोधले की मोजले?

नदीत दुर्मिळ शिंपल्यांचा सर्व्हे झाला असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न, शोधले का मोजले? टाइम्ड सर्च वेगळा आणि क्वाड्रॅट वेगळं, पण दोन्हीला सरसकट सर्व्हेच म्हणतात आणि मग आकड्यांचा घोळ होतो.

टाइम्ड सर्च म्हणजे घड्याळ लावून शोधाशोध. स्नॉर्कल लावून नाहीतर तळाला काच असलेली बादली पाण्यावर टेकवून तळ बघत जायचं, पाणी गढूळ असेल तर हाताने चाचपायचं, शेवटी एका माणसाला तासाला किती सापडले ते लिहायचं. जिथे शिंपले असतील असं वाटतं तिथेच घुसता येतं, म्हणून एखादी जात नदीत आहे का एवढंच बघायचं असेल तर हेच बरं. पण तासाला 20 म्हणजे घनता नव्हे हो, पाणी नितळ आणि शोधणारा मुरलेला असला की तोच पट्टा 40 पण देईल.

क्वाड्रॅट म्हणजे चौकट, बऱ्याचदा 50 बाय 50 सेंमीची. ती कुठे टाकायची ते आपल्या मनावर नाही, रँडम किंवा आधी ठरलेल्या अंतरावर टाकायची, आतली वाळू-खडी 10-15 सेंमी खणायची आणि चाळायची. कंटाळवाणं काम, पण दर चौरस मीटरला किती ते यातूनच कळतं. गोची अशी की 100 चौरस मीटरला 1 इतकाच शिंपला असेल तर 100 चौकटी मिळून होतात फक्त 25 चौरस मीटर, म्हणजे चारातल्या तीन वेळा हाती भोपळाच, आणि त्यावरून 'ही जात इथे नाही' असं लिहून मोकळं होणं म्हणजे कमाल आहे.

मग खणायचं कशाला? पिल्लांसाठी. फ्रेशवॉटर पर्ल मसल, म्हणजे गोड्या पाण्यातला मोत्याचा शिंपला, 100 वर्षांहून जास्त जगू शकतो, त्याच्या अळ्या सॅमन नाहीतर ट्राउटच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, मग गळून खडीत पडतात आणि पुढची काही वर्षं तिथेच गाडलेल्या राहतात. वरून बघणाऱ्याला दिसतात ते म्हातारे. युरोपातल्या कितीतरी नद्यांत म्हातारेच उरलेत, कारण गाळाने खडी बुजली की पिल्लांना ऑक्सिजन मिळत नाही. टाइम्ड सर्चमध्ये तीच नदी मस्त भरलेली दिसते! थंडीत तर मोठेही खाली जातात, म्हणून सर्व्हे उन्हाळ्यात, पाणी कमी असताना.

आणि शोधा किंवा मोजा, उचललेला जिवंत शिंपला त्याच जागी, ज्या बाजूने पाणी ओढतो ती बाजू वर ठेवूनच परत रोवायचा.