नावावर पहारा ठेवणारी चिप

१९९९ सालच्या ऐन नाताळात मायक्रोसॉफ्टच्या हॉटमेलमध्ये अनेकांना शिरता येईना. लॉगिनसाठी लागणाऱ्या 'पासपोर्ट डॉट कॉम' या नावाचं शुल्क भरायचंच राहून गेलं होतं. शेवटी मायकेल चेनी या लिनक्स प्रोग्रॅमरनं स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले आणि घोटाळा मिटला.

डोमेन नाव, म्हणजे 'पासपोर्ट डॉट कॉम'सारखं संकेतस्थळाचं नाव, कायमचं कुणाचंच नसतं, ते भाडेपट्ट्यानं मिळतं. 'डॉट कॉम'च्या नावाची मुदत संपली, तरी ते लगेच मोकळं होत नाही. रजिस्ट्रार, म्हणजे नाव नोंदवून देणारी कंपनी, ते ४५ दिवसांपर्यंत राखून ठेवू शकतो. पुढचे ३० दिवस जुना मालक गहाण सोडवावं तसं जादा पैसे मोजून ते सोडवू शकतो. त्यानंतरचे ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि मग ते पुसलं जातं.

नाव कधी सुटतंय यावर इतके दिवस लक्ष ठेवायला संगणक कशाला चालू ठेवायचा? काही शे रुपयांत मिळणारा ईएसपी-३२ हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमध्ये मावणारा इवला संगणक, पुरतो. त्याच्यात वायफाय आहे, ५२० किलोबाइट मेमरी आहे आणि गाढ झोपेत ही चिप जेमतेम १० मायक्रोअँपियर वीज घेते. दर सहा तासांनी उठायचं, एक प्रश्न विचारायचा, पुन्हा झोपायचं.

खरी मेख आहे ती प्रश्नात. बरेच जण डीएनएसला, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला, विचारतात: या नावाचा पत्ता काय? पत्ता नाही म्हणजे नाव मोकळं, हा समज चुकीचा. नाव घेऊन ते कुठल्याच सर्व्हरला न जोडता ठेवणारे पुष्कळ असतात. म्हणून विचारायचं ते रजिस्ट्रीच्या, म्हणजे 'डॉट कॉम'ची सगळी नावं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, नोंदवहीलाच. त्यासाठी पूर्वी 'हूइज' हे विचारणा करण्याचं तंत्र होतं, पण त्याचं उत्तर मोकळ्या मजकुरात येई आणि जागोजागी त्याची मांडणी वेगळी. आता त्याच्या जागी आरडॅप हे नवं तंत्र आलं आहे. 'डॉट कॉम'सारख्या नावांसाठी हूइज पुरवण्याची सक्ती जानेवारी २०२५मध्ये संपली. आरडॅपचं उत्तर ठरलेल्या साच्यात येतं. नोंद असेल तर २०० हा आकडा, नसेल तर ४०४. चिपला एवढा आकडा वाचता आला की झालं.

मात्र ४०४ आणि 'उत्तरच आलं नाही' यांची गल्लत होऊ देऊ नये. घरचं वायफाय गेलं म्हणून नाव सुटल्याचा निरोप आला, तर तो पहारा काय कामाचा? दोनतीनदा लागोपाठ ४०४ आलं तरच टेलिग्रामवर संदेश पाठवावा. उगाच दर मिनिटाला विचारत बसलात, तर ४२९ येईल. म्हणजे रजिस्ट्री सांगतेय, जरा दमानं घ्या.

मोक्याचं नाव पटकावण्याच्या शर्यतीत ही चिप टिकणार नाही. त्या धंद्यातल्या कंपन्या नाव सुटताक्षणी झडप घालतात. माझ्या मते तिची खरी जागा स्वतःच्या, आपल्या संस्थेच्या किंवा शाळेच्या नावाच्या राखणीत आहे. आरडॅपच्या उत्तरात मुदतीची तारीखही असते. ३० दिवस उरले की लाल एलईडी लावायचा. फक्त एक खाच ध्यानात ठेवा. मुदत उलटल्यावर 'डॉट कॉम'ची रजिस्ट्री ती तारीख आपोआप एक वर्ष पुढे सरकवते, पैसे भरलेले नसले तरी. नुसती तारीख वाचणारी चिप तेव्हा लाल दिवा विझवून टाकेल. म्हणून तारखेसोबत 'ऑटो रिन्यू पिरियड' (मुदत आपोआप वाढवल्यानंतरचा काळ) ही स्थितीही तपासायला लावा, आणि ती दिसत असेपर्यंत दिवा पेटताच राहू द्या.