जिल्हा परिषद शाळा

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागामार्फत चालवली जाणारी सार्वजनिक शाळा. बोलण्यात 'झेडपीची शाळा' किंवा नुसतीच 'मराठी शाळा', आणि जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही 'बोर्डाची शाळा'. मुंबई शहर व मुंबई उपनगर हे दोन जिल्हे सोडले तर राज्यात 34 जिल्हा परिषदा आहेत आणि प्रत्येकीच्या हाताखाली वस्त्या-वाड्या-तांड्यांपर्यंत पसरलेले शाळांचे जाळे आहे. बहुतेक शाळा चौथी-पाचवीपर्यंत, मोठ्या गावांतल्या सातवी-आठवीपर्यंत. मराठवाड्यात मात्र दहावीपर्यंतच्या 'जिल्हा परिषद प्रशाला' बऱ्याच आहेत. विदर्भातही परिषदेची हायस्कुले आढळतात. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचा भार रयत शिक्षण संस्थेसारख्या खासगी संस्थांनी उचलल्यामुळे तिथे झेडपीची ओळख प्राथमिक शाळेपुरतीच राहिली. माध्यम बहुतांशी मराठी असले तरी उर्दू शाळाही पुष्कळ आहेत. जत आणि अक्कलकोट तालुक्यांच्या सीमाभागात परिषदेच्या कन्नड शाळा भरतात.

मुलाला पुढच्या शिक्षणासाठी तयार करणे आणि गावाच्या उपयोगी पडणे ही या शाळेची दोन वेगळी कामे मानली जातात. प्रत्यक्षात ती एकमेकांत इतकी मिसळलेली आहेत की एक ढासळले की दुसरेही ढासळते.

पूर्वपीठिका

1917 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुंबई इलाख्यात 1918 च्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीच्या शिक्षणाची मुभा मिळाली, पण खेडी बाहेरच राहिली. 1923 च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने ग्रामीण शाळा जिल्हा लोकल बोर्डाकडे आल्या. 'बोर्डाची शाळा' हे नाव त्या काळातले. 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्हा शाळा मंडळांची घडी बसवली.

1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या नई तालीमचा ठसा याच शाळांवर उमटला. जुन्या कौलारू इमारतींवर आजही 'जीवन शिक्षण मंदिर' अशी अक्षरे दिसतात. त्या नावाखाली एका पिढीने टकळीवर सूत कातले आणि शाळेच्या आवारात वाफे केले. हाताने काही घडवता घडवता शिकावे ही कल्पना पुढे मागे पडली, आणि पन्नासएक वर्षांनी ज्ञानरचनावादाच्या नावाने परत आली.

संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर वसंतराव नाईक समितीने 1961 मध्ये जिल्हा हा विकेंद्रीकरणाचा मुख्य घटक मानावा अशी शिफारस केली. त्यानुसार 1961 चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. शाळा मंडळांकडचे प्राथमिक शिक्षण परिषदेकडे आले. तेव्हापासून गावातली शाळा, रस्ता, दवाखाना आणि पिण्याचे पाणी यांचा कारभार एकाच इमारतीतून चालतो. शाळेची गळकी खोली हा जिल्हा परिषदेच्या राजकारणाचा विषय होऊ शकतो तो यामुळेच, आणि हे चांगलेच आहे.

रचना

शाळेवर मुख्याध्यापक, दहाएक शाळांच्या समूहावर केंद्रप्रमुख, काही केंद्रे मिळून एक बीट, त्याला शिक्षण विस्तार अधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी (प्राथमिक). लोकप्रतिनिधींच्या बाजूने शिक्षण समिती आणि तिचे सभापती. पगाराचे अनुदान राज्य सरकार देते, समग्र शिक्षा अभियानातून पाठ्यपुस्तके व गणवेश येतात, आणि परिषदेच्या स्वतःच्या सेस फंडातून बाके, स्पर्धा, किरकोळ दुरुस्त्या भागवल्या जातात. 2022 पासून बहुतेक जिल्हा परिषदांच्या निवडणुका लांबल्या आणि काही वर्षे कारभार प्रशासकांकडे राहिला. गावकऱ्यांनी शाळेचे गाऱ्हाणे ज्यांच्याकडे न्यायचे ते सदस्य आणि सभापतीच त्या काळात नव्हते.

गावपातळीवर शाळा व्यवस्थापन समिती असते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणे आणि निधीच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही समितीची कामे. अनेक गावांत तिच्या सभा वहीतच भरतात. जिथे आया खरोखर येऊन बसतात तिथे पहिला प्रश्न पोषण आहाराचा आणि दुसरा शौचालयाच्या पाण्याचा निघतो, आणि दोन्ही सुटतात, असा अनेक शाळांचा अनुभव आहे.

वर्गात काय घडते

दिवस सुरू होतो परिपाठाने. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, मग सुविचार, दिनविशेष, बातम्या, पाढे. हे सगळे मुलेच म्हणतात, पाळीपाळीने. तिसरीतली मुलगी वर्तमानपत्राचा तुकडा हातात धरून, अडखळत, साऱ्या शाळेसमोर बातमी वाचते. घरात ज्यांचे बोलणे कोणी ऐकून घेत नाही अशा मुलांना चारचौघांत उभे राहून बोलण्याची सवय इथे लागते. या अर्ध्या तासाचे मोल कोणत्याही गुणपत्रिकेवर नोंदलेले नसते.

बहुसंख्य लहान शाळा द्विशिक्षकी आहेत. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी, आणि एक गुरुजी पंचायत समितीत बैठकीला गेले की चारही वर्ग एकाच बाईंपुढे. अशा वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवणे चालत नाही. एका गटाला काम लावून दुसऱ्याकडे वळावे लागते, मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे लागते. चांगल्या शिक्षकांनी या अडचणीचीच पद्धत करून टाकली.

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडले. 2014-15 च्या सुमारास राज्यभरातले शिक्षक गाड्या करून तिथल्या शाळा पाहायला जात. फरशीवर आखलेली अक्षरे, भिंतीवर मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीचे फळे, आणि टोपल्यांत काड्या, मणी, चिंचोके. वजाबाकीचेच घ्या. 42 मधून 17 वजा करायचे तर मुलापुढे दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल एका गठ्ठ्याचे रबर काढते. आता सुट्या बारा. त्यातून सात उचलल्या, पाच उरल्या. तीन गठ्ठ्यांतून एक गेला, दोन उरले. पंचवीस. 'हातचा' म्हणून वर्षानुवर्षे जो नुसता घोकला जात होता तो इथे रबर सोडताना बोटांना कळतो. 22 जून 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासन निर्णयामागे अशा प्रयोगांची पुण्याई होती. पुढे रंगरंगोटीची नक्कल झपाट्याने झाली, पण काड्यांची टोपली कित्येक शाळांत कपाटावरच राहिली.

पुढच्या टप्प्याची तयारी म्हणजे गावाच्या भाषेत 'स्कॉलरशिप' आणि 'नवोदय'. राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी व सातवीला होई, 2017 मध्ये ती पाचवी व आठवीला गेली, आणि 2025 मध्ये ती पुन्हा चौथी व सातवीला घेण्याचा निर्णय झाला. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीत परीक्षा असते. या दोन परीक्षांसाठी सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी शाळेनंतर विनामोबदला तास घेणारे शिक्षक प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि आपला विद्यार्थी गुणवत्ता यादीत आला की सत्कार गावाच्या चौकात होतो. याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी: चार हुशार मुलांसाठी जादा तास होतात, तेव्हा वाचन अडलेल्या मुलांकडे दुर्लक्ष होण्याची भीती असते. शाळेचे नाव यादीमुळे होते, पण शाळा खरी लागते ती या मागे राहिलेल्यांना.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडी (ता. माढा) येथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून कविता, गोष्टी, चित्रफिती मुलांपर्यंत पोहोचवल्या. 2020 मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. झेडपीच्या शाळेकडे नाक मुरडणाऱ्यांना त्या दिवशी परितेवाडी नकाशात शोधावी लागली.

शाळा आणि गाव

1995 मध्ये शालेय पोषण आहार योजना आली तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 2001 च्या आदेशानंतर शाळेतच शिजवलेले अन्न देणे सुरू झाले. मधल्या सुट्टीच्या आधीच खिचडीचा वास वर्गात येतो, आणि मुले ओळीने ताटल्या घेऊन व्हरांड्यात बसतात. स्वयंपाक बचत गटातल्या बाया किंवा गावातलीच मदतनीस करते. तिचे मानधन तुटपुंजे असते आणि तेही महिनोन्‌महिने अडकते. एकाच पंगतीत, एकाच पातेल्यातले, सगळ्या जातींच्या मुलांनी खाणे ही गोष्ट ज्या गावांत आधी घडत नव्हती, तिथे ती या व्हरांड्यात घडली.

मराठवाड्यात, विशेषतः बीड जिल्ह्यात, दिवाळीनंतर वर्ग निम्मे होतात. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे 'कोयता', मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जाते. मुले बरोबर गेली की शाळा सुटली. उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात तेव्हा शिकलेले विसरलेले असते. यावर उपाय म्हणून कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या, आणि नंतर गावातच हंगामी वसतिगृहे सुरू झाली. मुले आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतात आणि शाळा व्यवस्थापन समितीमार्फत त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होते. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी पत्रकही दिले जाते, म्हणजे नव्या गावातल्या शाळेने त्यांना विनाअट बसवून घ्यावे. कागद चांगला आहे. पण फडावर पहाटे गाडी भरायला उठणाऱ्या आईला ते पत्रक घेऊन अनोळखी शाळेत जायला सवड कुठून मिळणार? ज्या शिक्षकांनी दिवाळीआधी घरोघर जाऊन 'पोराला इथंच ठेवा' म्हणून विनवले, त्यांच्याच शाळांचा पट टिकला.

गावाला शाळेची गरज इतर वेळीही लागते. मतदान केंद्र शाळेत, ग्रामसभा शाळेत, पल्स पोलिओचा बूथ शाळेत. 2019 च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे पूरग्रस्तांचे संसार शाळांच्या खोल्यांत मांडले गेले. 2020 मध्ये मुंबई-पुण्याहून परतलेली माणसे शाळेतच विलगीकरणात राहिली. शिक्षकांवर मात्र याचा बोजा पडतो. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमानुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे त्यांना देता येतात. तरी सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती आणि रोजच्या फोटोंनी त्यांचा दिवस खाल्ला जातो. 'आम्हाला शिकवू द्या' ही शिक्षक संघटनांची मागणी म्हणून अगदी साधी आणि रास्त आहे.

उलट बाजूने गावही शाळेला देते. कुणी जागा देतो, यात्रेची वर्गणी वाचवून कुणी संगणक घेतो, गवंडी सुट्टीच्या दिवशी कुंपण बांधतो. याला लोकवर्गणी किंवा शैक्षणिक उठाव म्हणतात. पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीत (ता. शिरूर) गावकऱ्यांनी जमीन देऊन शाळा नव्याने उभी केली आणि पुढे प्रवेशासाठी बाहेरगावच्या पालकांची रीघ लागली. याच जिल्ह्यातली जालिंदरनगरची शाळा (ता. खेड) 2025 मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या पुरस्कारासाठी अंतिम यादीत आली, तीही 'समुदायाचा सहभाग' या गटात. अशा शाळा मोजक्या आहेत हे खरे. त्यांच्याकडे बोट दाखवून सरकारने आपला खर्चाचा वाटा लोकवर्गणीवर ढकलणे मात्र योग्य नाही. गरीब गावाची वर्गणी गरीबच असते.

घटता पट

इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या गाड्या वाड्यांवर पोहोचल्यापासून आणि जन्मदर घटल्यापासून झेडपीचा पट उतरत आहे. 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, त्यावर शिक्षकांची पदे ठरतात. मुले घटली की शिक्षक घटतो, शिक्षक घटला की उरलेले पालकही मुले काढतात. सेमी-इंग्रजीचे वर्ग, स्मार्ट टीव्ही, पहिलीच्या प्रवेशाला वाजतगाजत मिरवणूक असे उपाय शाळांनी केले; काही ठिकाणी खासगी शाळांतून मुले परत आली.

20 पेक्षा कमी पट असलेल्या शाळा राज्यात 14 हजारांहून अधिक असल्याचे सांगत सरकारने 2023 मध्ये त्या एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. नंदुरबारमधले तोरणमाळ आणि पुण्यातले पानशेत ही उदाहरणे पुढे ठेवली गेली. मोठ्या शाळेत वर्गाला स्वतंत्र शिक्षक, ग्रंथालय, खेळाचे मैदान मिळेल हा युक्तिवाद बिनबुडाचा नाही. परंतु शिक्षण हक्काच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. सह्याद्रीच्या उतारावरच्या वाडीत किंवा सातपुड्यातल्या पाड्यावर हे अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. मध्ये ओढा असतो, पावसाळ्यात तो दुथडी भरतो, आणि सहा वर्षांच्या मुलीला पलीकडे नेणारी गाडी ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी ती घरी राहते.