शिकारी पक्ष्यांच्या आहारसवयी

गरुड, ससाणे, घारी, शिक्रे, भोवत्या, गिधाडे आणि घुबडे या मांसाहारी पक्ष्यांची अन्न मिळवण्याची, खाण्याची व पचवण्याची पद्धत. व्यवहारात हे सर्व पक्षी एकाच गटात धरले जात असले, तरी त्यांचे परस्परांशी नाते फारसे जवळचे नाही. जनुकीय अभ्यासानुसार ससाणे हे गरुड व घारींपेक्षा पोपटांना अधिक जवळचे ठरले आहेत. आकडेदार चोच सर्वांना असते. अन्न मात्र वाळवीच्या पाखरांपासून मेलेल्या गुरांच्या हाडांपर्यंत कोणतेही असू शकते आणि त्यातले सगळेच शिकार करून मिळवलेले असते असे नाही.

जिवंत भक्ष्य मारण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. गरुड आणि शिक्रे भक्ष्याला पायांनी पकडतात आणि नखे शरीरात रुतवून, आवळून मारतात. चोचीचा उपयोग पुढे मांस फाडण्यासाठी होतो. ससाणे भक्ष्य पायांनी धरतात, पण त्याचा शेवट चोचीने करतात. त्यांच्या वरच्या चोचीच्या कडेला दातासारखा टोकदार उंचवटा असतो व त्याच्या साहाय्याने ते भक्ष्याच्या मानेचे मणके तोडतात. बहिरी ससाणा उंचावरून सूर मारताना ताशी 300 किमी.हून अधिक वेग गाठतो आणि उडत्या पक्ष्याला हवेतच धडक देतो किंवा पकडतो. सह्याद्रीच्या कड्यांवर राहणारा शाहीन ससाणा हा त्याचाच उपप्रकार असून कबुतरे आणि पोपट हे त्याचे नेहमीचे खाद्य आहे. तुरुमती या लहान ससाण्याची जोडी पुष्कळदा मिळून शिकार करते. शिक्रा मात्र पाठलागापेक्षा दबा धरण्यावर भर देतो. तो दाट पानांत बसून राहतो आणि सरडा, खार किंवा लहान पक्षी टप्प्यात आला की थोडक्या अंतराची झेप घेतो. माळरानावरची कापशी घार विजेच्या तारेवर बसून किंवा हवेत एकाच जागी पंख फडफडवत खालच्या गवतावर नजर ठेवते, मग पाय खाली सोडून टप्प्याटप्प्याने उतरते आणि उंदरावर पडते.

काही जातींचा आहार फारच ठरावीक असतो. सर्पगरुड प्रामुख्याने साप खातो. त्याच्या पायांवरील जाड खवले चाव्यापासून बचाव करतात आणि लहान साप तो सबंध गिळतो. मधुबाजाचे नाव मधावरून पडले असले, तरी त्याला हव्या असतात त्या मधमाश्या व गांधीलमाश्यांच्या पोळ्यांतील अळ्या. त्याच्या चेहऱ्यावरील खवल्यांसारखी घट्ट पिसे डंखांपासून संरक्षण देतात. ऑस्प्रे जवळजवळ केवळ मासे खातो. त्याच्या तळपायांवर काटेरी खरखरीत उंचवटे असतात, बाहेरचे बोट मागे वळवता येते आणि पकडलेला मासा तो डोके पुढे करून नेतो, त्यामुळे उडताना हवेचा अडथळा कमी होतो. कोकण किनाऱ्यावरील पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड माशांबरोबर समुद्री सापही उचलतो.

कीटकांचा वाटा सामान्य समजुतीपेक्षा बराच मोठा आहे. हिवाळ्यात दख्खनच्या गवताळ माळांवर उतरणाऱ्या भोवत्यांच्या खाद्यात नाकतोड्यांचे प्रमाण लक्षणीय असते. पिंगळा संध्याकाळी भुंगेरे व पतंग टिपतो. अमूर ससाणा पूर्व आशियातून दक्षिण आफ्रिकेकडे जाताना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागालँडमध्ये थव्यांनी उतरतो, वाळवीच्या उडत्या पाखरांवर अंगात चरबी साठवतो आणि पुढे अरबी समुद्र न थांबता ओलांडतो. एवढ्या लांब उड्डाणाचे इंधन इतक्या क्षुद्र किड्यातून मिळते, हे नवलाचे आहे.

पचनाच्या बाबतीत घुबडांचे वेगळेपण ठळक आहे. इतर शिकारी पक्ष्यांना अन्न तात्पुरते साठवण्यासाठी गळ्याजवळ अन्नपुट असते, घुबडांना ते नसते. घुबड उंदीर शक्यतो सबंध गिळते. जठरात मांस विरघळते आणि केस, हाडे व कवट्या एकत्र दाबून त्यांची लांबट गोळी बनते, जी काही तासांनी तोंडावाटे बाहेर टाकली जाते. पडक्या वाड्यात गव्हाणी घुबडाच्या बसण्याच्या जागेखाली अशा करड्या गोळ्या पडलेल्या असतात. एखादी भिजवून सोडवली, तर उंदराची अखंड कवटी, पिवळट-नारिंगी दात आणि फासळ्या हाती लागतात आणि त्यावरून भक्ष्याची जात व संख्या ठरवता येते. गरुड आणि ससाणेही गोळ्या टाकतात, परंतु त्यांच्या जठरातील आम्ल तीव्र असल्याने बरीच हाडे विरघळून जातात, म्हणून आहार अभ्यासण्यासाठी त्या तितक्या उपयोगी नाहीत. उंदीर मारण्यासाठी शेतात व गोदामांत ठेवलेले विष उंदरांमार्फत घुबडांच्या पोटात जाऊ शकते.

शहरातली घार शिकारीपेक्षा उचलेगिरीवर जगते. मटणाच्या दुकानाभोवतीचे तुकडे, मासळी बाजारातील टाकाऊ भाग, मेलेली घूस, दुसऱ्या पक्ष्याच्या पायातले भक्ष्य, सगळे तिला चालते आणि या निवडीच्या अभावामुळेच ती माणसांच्या गर्दीत टिकून आहे.

गिधाडे सहसा जिवंत प्राणी मारत नाहीत. त्यांच्या पायांत पकड कमी असते. मोठ्या गिधाडांची उघडी मान व डोके मृत जनावराच्या पोटात खोल घालता येते आणि जिभेच्या करवती कडांमुळे मऊ मांस भराभर ओढता येते. जाड कातडे फाडणे कठीण असल्याने ती डोळे व गुदद्वार अशा मऊ जागांपासून सुरुवात करतात. जठरातील तीव्र आम्लामुळे कुजलेल्या मांसातील बहुतेक जंतू मरतात. हिमालयातील दाढीवाले गिधाड तर प्रामुख्याने हाडेच खाते. न गिळता येणारी हाडे ते उंचावरून खडकावर टाकून फोडते.

मृत गुरांवरचे हेच अवलंबन भारतीय गिधाडांच्या मुळावर आले. 1990च्या दशकापासून पांढऱ्या पाठीच्या व लांब चोचीच्या गिधाडांची संख्या 90 टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक मृत गुरांमार्फत गिधाडांच्या शरीरात जाते, मूत्रपिंडे निकामी करते आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर साचतात, हे 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उघड झाले. 2006 मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली; माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात असल्याने 2015 मध्ये कुपीचा आकार 3 मिलिलिटरपर्यंत मर्यादित करण्यात आला; 2023 मध्ये कीटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक या वेदनाशामकांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक मात्र गिधाडांना सुरक्षित आढळले आहे. मुंबईतील डुंगरवाडीत पारशी समाज मृतदेह गिधाडांना खाण्यासाठी ठेवतो; गिधाडे नाहीशी झाल्याने तेथे मृतदेहांच्या विसर्जनासाठी सौर संकेंद्रकांचा, म्हणजे सूर्यकिरण एकवटणाऱ्या उपकरणांचा, आधार घ्यावा लागला. रायगडमधील फणसाड आणि गडचिरोली येथे गिधाडांसाठी औषधमुक्त मृत गुरे ठेवण्याची केंद्रे चालवली गेली. मात्र गिधाडे अन्नासाठी एका दिवसात अनेक किलोमीटर फिरत असल्याने केंद्राबाहेर पडलेल्या गुराचे मांसही त्यांच्या पोटात जाते, म्हणून अशा केंद्रांचे यश आसपासच्या जिल्ह्यांतील गुरांना कोणती औषधे दिली जातात यावर अवलंबून असते.