पोलीस ठाण्यात साहेब नसले तरी एफआयआर होतो
परभणी, हिंगोली, बीडकडं कुठंबी विचारा, लोकांच्या डोक्यात एकच बसलेलं, ठाण्यात मोठे साहेब नसतील तर तक्रार घेतच नाहीत, मग माणूस बिचारा तसाच एसटीनं परत गावाकडं. हे साफ चुकीचं हाय. कायद्यात तक्रार घेणारा ठाण्याचा प्रभारी म्हणजे फक्त पीआय (पोलीस निरीक्षक) नाही, ते बाहेर असले किंवा आजारी असले तर ठाण्यात हजर असलेला त्यांच्या खालच्या हुद्द्याचा अधिकारी प्रभारी होतो, अट एवढीच की तो कॉन्स्टेबलच्या वरचा पाहिजे. म्हणजे हवालदार पण चालतो! कॉन्स्टेबलला मात्र सरकारनं तसा आदेश काढल्याशिवाय हे करता येत नाही, पण म्हणून त्याला काहीच अधिकार नाहीत असं समजू नका, दखलपात्र गुन्ह्यात (म्हणजे ज्यात पोलीस विनावॉरंट अटक करू शकतात) कायद्याच्या अटी पाळून तोसुद्धा विनावॉरंट अटक करू शकतो.

1 जुलै 2024 पासून सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही हेच हाय, आन् कलम 173 प्रमाणं हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते, एफआयआरची कॉपी फुकट द्यावी लागते. तक्रार नाहीच घेतली तर सगळं लिहून पोस्टानं एसपींना (जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना) पाठवा, रजिस्टर्डच करा आन् पावती जपून ठेवा.