शातो गायार: खडूच्या डोंगरावरचा मस्तवाल किल्ला

फ्रान्समधल्या नॉर्मंडी प्रांतातल्या लेझांदली गावापाशी सेन नदी मोठं वळण घेते. वळणावर पांढरेशुभ्र कडे उभे आहेत आणि त्यांतल्या एका सोंडेवर शातो गायारचे अवशेष. 'गायार' म्हणजे धडधाकट, थोडा मस्तवालही.

इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड नॉर्मंडीचाही धनी होता. फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप नदीकाठानं नॉर्मंडीची राजधानी रुआँवर चालून येऊ नये म्हणून त्यानं ११९६ साली इथं बांधकाम काढलं. जागा रुआँच्या आर्चबिशपची, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मगुरूची. त्याच्या परवानगीची वाट कोण पाहतो! आर्चबिशपनं चिडून नॉर्मंडीभर धर्मविधी बंद पाडले, प्रकरण पोपकडे गेलं, आणि बदल्यात द्येप बंदर वगैरे मुलूख देऊन मिटलं. एवढा गोंधळ होऊनही ११९८ पर्यंत किल्ला जवळजवळ उभा राहिला होता. खर्च सुमारे १२ हजार पौंड, म्हणजे रिचर्डनं आख्ख्या कारकिर्दीत इंग्लंडमधल्या सगळ्या किल्ल्यांवर मिळून केला त्याहून जास्त.

सोंड मागच्या पठाराला जिथं जोडलेली आहे, तिथूनच शत्रू येणार हे उघड होतं. म्हणून त्या तोंडाशी त्रिकोणी कोट, मग खोल खंदक, मग मधला कोट आणि सगळ्यात आत बालेकिल्ला.

खरी करामत बालेकिल्ल्याच्या तटात आहे. हा तट सपाट नाही. अर्धगोल फुगवटे एकाला एक चिकटवत नेले आहेत. वरून पाहिलं तर करंजीची मुरड. सपाट भिंतीवर दगड सरळ आदळला की त्याचा सगळा जोर भिंतीत जातो. गोलाईवर तो बहुतेक वेळा तिरका लागतो आणि भिंतीला लंब असलेला वेगाचा भागच तिला धक्का देतो. लंबाशी ६० अंशांचा कोन झाला तर हा भाग निम्म्यावर येतो, उरलेला दगडाला बाजूला घसरवतो. शिवाय पायथ्याशी शत्रूला लपायला सपाट आडोसा राहत नाही. मुख्य बुरुजाचा पाया बाहेर उतरता आहे, वरून टाकलेला दगड त्यावर आपटून हल्लेखोरांच्या अंगावर उसळतो.

पण ही सगळी हुशारी उभी कशावर? खडूवर. डायनोसॉरांच्या शेवटच्या, क्रिटेशस काळात समुद्रतळाशी साचलेल्या सूक्ष्म शैवालांच्या कवचांचा हा मऊ चुनखडक. खंदक झटपट खणायला उत्तम, आणि सुरुंग, म्हणजे तटाखालून भुयार, खणणाऱ्या शत्रूलाही तितकाच उत्तम.

११९९ साली रिचर्ड मेला, धाकटा भाऊ जॉन गादीवर आला. १२०३ मध्ये फिलिपनं वेढा घातला. किल्लेदार रॉजर द लेसीनं धान्य पुरावं म्हणून आश्रयाला आलेल्या गावकऱ्यांना बाहेर काढलं. पहिल्या काहींना फ्रेंचांनी जाऊ दिलं, नंतरच्यांना अडवलं. शेकडो बायका-मुलं-म्हातारे हिवाळाभर तट आणि वेढ्याच्या मध्ये उपाशी अडकले. फिलिपनं अखेर वाट दिली तोवर कित्येक मेले होते. किल्ल्याच्या वास्तुरचनेचं कौतुक करताना हे विसरलं जातं.

त्रिकोणी कोटाच्या खंदकात फ्रेंच उतरले, पण शिड्या आखूड पडल्या. त्यांनी खंजिरांनी खडूत खोबण्या पाडल्या आणि चढले. मग बुरुजाखाली पोकळी खणून लाकडी टेकू दिले आणि ते पेटवले. टेकू जळाले, बुरूज बसला. मधल्या कोटात जॉननं नंतर एक इमारत जोडली होती. तिच्या चॅपलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या, खिडकीतून मूठभर सैनिक आत शिरले.

राहिला बालेकिल्ला. त्याच्या दारापुढं खंदक होता, पण ओलांडायला मूळ खडकाचाच पूल शाबूत ठेवला होता. वरून होणाऱ्या माऱ्यापासून सुरुंग खणणाऱ्यांना त्याचाच आडोसा मिळाला. आतल्यांनी समोरून उलटा सुरुंग खणला, म्हणजे आपल्याच तटाखालची जमीन आणखी पोखरली. वर फिलिपचं दगडफेकीचं यंत्र चालूच होतं. तट ढासळला. ६ मार्च १२०४ ला किल्ला पडला, जूनमध्ये रुआँही गेलं.

१५९९ मध्ये फ्रान्सचा राजा चौथ्या हेन्रीनं तो पाडायचा हुकूम दिला. बरेचसे दगड मठांच्या बांधकामाला गेले. १८६२ पासून तो संरक्षित स्मारक आहे.

पॅरिसच्या सें-लाझार स्थानकावरून रेल्वेनं गायाँपर्यंत आणि पुढं रस्त्यानं जाता येतं. बाहेरचे अवशेष केव्हाही फुकट पाहता येतात. बालेकिल्ल्याला तिकीट आहे आणि तो हिवाळ्यात बंद असतो, तेव्हा तारखा आधी बघून घ्या. चढ असला तरी गावातूनच पायी वर जा, आणि आत शिरण्याआधी त्या खडकाच्या पुलावर थांबून खाली डोकवा.